तळचं पाणी

“मास्तरसाब, तुमच्या प्रयोगानं काम फत्ते झालं पाहा!” असं म्हणून हिरालालनं भर बाजारात माझा हात धरला आणि दोनदा हलवला. शाळा सुटली होती, उन्हाची तिरीप डोळ्यांत जात होती, काखेत वह्यांचा गठ्ठा होता, आणि हा माणूस आपल्या कापडाच्या दुकानाच्या पायऱ्या उतरून खास माझ्यासाठी खाली आला होता. मी म्हटलं, “कसलं काम?” तर तो हसला. “अहो, नळाचं! आज पाच वाजता तुमच्याच गल्लीत पयला नळ सुरू होऊन राह्यला. तुमाले कोणी सांगतलं नाही?” मग त्यानं बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. हिरालाल नळ-कमिटीचा अध्यक्ष, तेव्हा कमिटीचा ठराव त्याच्या खिशात असायचाच. त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, येणारेजाणारे दोघेतिघे थांबले, तेही ऐकू लागले. हायस्कुलाचे सायन्स मास्तर गुलाबराव यांनी कमिटीसमक्ष प्रयोग करून दाखविल्यावरून वाऱ्याच्या योगाने तळचे पाणी हलत नाही अशी सर्वांची खात्री झाली, सबब पाइपाचे तोंड तळ्याच्या पश्चिम काठाशी, तळाला बसविण्यास हरकत नाही. “नाव घातलं आहे तुमचं,” तो म्हणाला. “कागदावर राहीन जन्मभर.”

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा “बरं” म्हणालो. डोक्यात तिडीक उठली की माझं हे असंच होतं, तोंडातून “बरं” निघतं आणि मग घरापर्यंत मी एकटा भांडत जातो. मी दाखवलं? तळचं पाणी हलत नाही हे मी दाखवलं? अरे, नऊ महिने मी गावभर घसा कोरडा करून दुसरं काय सांगत होतो! हलतं, बाबांनो, हलतं! उन्हाळा लागला की पश्चिमेचा वारा सुटतो, तो वरचं पाणी पूर्व काठाकडे ढकलत नेतो, हे तर म्हशीसुद्धा जाणतात. पण ते पाणी पूर्व काठाला जाऊन करणार काय? काठ चढून बाजारात येणार? ते तिथं खाली बुडतं आणि तळातळानं, वाऱ्याच्या उलट, परत पश्चिमेला येतं. वरचा एक हिस्सा वाऱ्यासोबत, खालचे दोन हिस्से वाऱ्याविरुद्ध. आणि पूर्व काठावर काय आहे? धुणं आहे, म्हशी आहेत, आणि मागच्या साली पटकीत दगावलेल्यांच्या गोधड्यासुद्धा तिथंच धुतल्या गेल्या. आमच्या गावची जुनी रीतच आहे ती, पश्चिमेला प्यायचं आणि पूर्वेला धुवायचं. ज्यानं ही रीत घातली तो माणूस काही मूर्ख नव्हता. बायका आपला गुंड, म्हणजे पाण्याची घागर, बुडवतात तो वरच्या वर, वरचं पाणी घेतात, आणि पश्चिमेचं वरचं पाणी चांगलं असतं. पटकीच्या सालीसुद्धा आमच्या गल्लीत एक माणूस आडवा झाला नाही. पण पाइपाला काय रीत? पाइप तळाशी तोंड उघडून बसतो आणि पूर्वेहून परत आलेलं सगळं आमच्या गल्लीच्या घशात ओततो. एवढी साधी गोष्ट. ती या गावात कोणाला म्हणून कळू नये, आणि वर तिच्या उलट गोष्ट माझ्या नावावर मांडली जावी!

धान्यबाजाराच्या कोपऱ्यावर केनवडच्या गाड्या सुटत होत्या, बैलांना मी उगाच शिव्या दिल्या. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा आमच्या प्रोफेसरांनी एका पावसाळी तासाला काचेच्या लांबट पेटीत हा प्रयोग दाखवला होता. वर्गात निम्मी मुलं जांभया देत होती, मी मात्र बाकावरून उठून पुढं गेलो होतो. रंगाची एक उभी रेघ, आणि फुंकर घातल्याबरोबर तिचं डोकं एकीकडे आणि पोट दुसरीकडे. माझ्यासारख्या माळ्याच्या पोराला पाणी म्हणजे पाटाचं पाणी, उतार मिळेल तिकडे जाणारं, दारं धरलं की वाफ्यात वळणारं. हे पाणी कोणी न वळवता वळत होतं. अंगावर काटा आला होता माझ्या. तो काटा दहा वर्षांनी या तळ्यावर मला पुन्हा आला, जेव्हा कमिटीनं पाइपाची जागा ठरवली आणि मी खात्री करून घ्यायला वाळलेला भोपळा पाण्यात सोडला. भोपळ्याला दोरी, दोरीला आठ हात खाली पत्र्याची दोन पानं, फुलीसारखी जोडलेली. म्हणजे वर दिसतो तो भोपळा, पण चालतो तो खालच्या पाण्याच्या मर्जीनं. एप्रिलमधली दुपार, वारा असा की धोतर सावरावं लागत होतं, काटक्या, पानं, फेस सगळं पूर्वेकडे धावत होतं, आणि त्यातून माझा भोपळा एकटा, अगदी हळूहळू, वाऱ्याला तोंड देऊन पश्चिमेकडे चालला होता. मी काठावर नाचलो अक्षरशः. मागे धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. “अगं माय, भोपळा पाहा कसा उलटा चालला!” आणि मग त्यांच्यातली एक म्हणाली, “कासव हाय खाली. दोरी धरून वढून राह्यलं.”

झालं. कासव! त्या दिवसापासून माझा भोपळा कासवानं ओढला. मी तीन वेळा सोडला, तीनही वेळा उलटा चालला, आणि तीनही वेळा कासवानं ओढला. कमिटीपुढं गेलो तर हिरालालनं सगळं नीट ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हेच तर अवघड आहे. तो म्हणाला, “मास्तरसाब, पाइप वर लावला तं वैशाखात तळं आटते, पाइप उघडा पडते. मंग लोकं माह्या दुकानावर येतीन गुंड घेऊन.” मी म्हटलं, तरंगतं तोंड लावा, लाकडाच्या ओंडक्याला बांधा, पाणी उतरेल तसं तेही उतरेल. तो म्हणाला, “लावू. खर्च वाढते, पण लावू. फक्त कासव नाही अशा जागी दाखवा आमाले. तुमच्या शाळेत दाखवा, पेटीत दाखवा. आमी सगळे येतो.” याहून सरळ माणसानं काय बोलावं? मी उड्या मारत जब्बारकडे गेलो.

जब्बार आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहतो. पत्र्याचं काम करतो, कल्हई करतो, धनज-कारंज्यापासून माणसं त्याच्याकडे डबे घेऊन येतात. माझी पेटी त्यानं केली: चार हात लांब, वीतभर रुंद, पुढच्या बाजूला काच. काच एका फुटक्या कपाटाची. वारा हवा म्हणून त्यानं आपल्या भट्टीचा, हातानं फिरवायचा पंखा दिला आणि त्याला पत्र्याचं चपटं तोंड करून दिलं. “मास्तर, आठ दिवस भट्टी बंद ठेवतो. लोकाइच्या भांड्याले कल्हई उद्या भी होईन,” म्हणाला. रंगाला मी विहिरीत टाकायच्या लाल दवेचे खडे वापरले. खडा पाण्यात सोडला की तळापर्यंत जांभळी रेघ ओढत जातो. पंखा फिरवायचा, आणि डोळे ताणून पाहायचं. पहिल्यांदा रेघ वाकली तेव्हा जब्बार माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. वरचं टोक डावीकडे, खालचं पोट उजवीकडे. “या अल्ला,” तो हळूच म्हणाला, “म्हंजे आपून जे पाहतो ते वरचंच असते.” त्यानंतर तो रोज यायचा. मी आकडे घ्यायचो, तो पंखा फिरवायचा. आठ दिवसांत चाळीस वेळा रेघ वाकली. प्रत्येक खेपेला पेटी मी राखेनं घासून, तीन पाण्यांनी धुऊन घेत असे. का, तर नागपूरच्या प्रोफेसरांनी सांगितलं होतं, पाण्याच्या पाठीवर धूळ नको, चिकटा नको. प्रत्येक खेपेला धुतली. चाळीस वेळा.

एकेचाळिसाव्यांदा नाही धुतली. हे मला बाजारातून चालताना पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि मी पुन्हा पुन्हा ते दुसरीकडे ढकलत होतो. आदल्या दिवशी पेटी एका सांध्याला गळली. जब्बार ती घरी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी अकराला कमिटी यायची आणि हा पावणेअकराला पेटी डोक्यावर घेऊन शाळेत आला. काय दिसत होती पेटी! उन्हात चांदीसारखी लखलखत होती. बाकांवर सात जण फेटे, टोप्या घालून बसलेले, हेडमास्तर घामाघूम, आणि मी ती पेटी टेबलावर ठेवली तेव्हा सगळे “वा!” म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. माळ्याचं पोरगं, फुटक्या कपाटाची काच, आणि सात मोठी माणसं “वा” म्हणतायत. राखेचं टोपलं तिथंच कोपऱ्यात होतं. आता हिला राख कुठं फासता, असं मनात आलं आणि मी सरळ पाणी भरलं. खडा सोडला. रेघ उभी राहिली, सुरेख, सरळ. जब्बारनं पंखा फिरवायला घेतला. रेघ उभीच. मी म्हटलं जोरात. त्यानं जोरात फिरवला, त्याचा सदरा पाठीला चिकटला. रेघ उभीच. पाण्यावर टाकलेले कापसाचे तंतूसुद्धा जागचे हलेनात, जणू पाण्यावर काच बसवली आहे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोणीतरी खोकलं. हिरालाल उठून जवळ आला, काचेत वाकून पाहिलं, आणि अगदी मनापासून, माझी कीव केल्यासारखं म्हणाला, “नाही हालत, मास्तरसाब. चांगलंच झालं नं. आता जिवाले घोर नाही.”

ते गेल्यावर मी पेटीवर वाकलो तेव्हा दिसलं. वाऱ्याच्या पलीकडच्या टोकाशी पाण्यावर सप्तरंगी झाक गोळा झाली होती. तेल! तेलाचा पापुद्रा पाण्याच्या पाठीवर ताणून बसला होता आणि वाऱ्याचा सगळा जोर स्वतःवर झेलून खालच्या पाण्याला शिवूसुद्धा देत नव्हता. मी तसाच, चपला न घालता, जब्बारच्या दुकानावर गेलो. मारायलाच गेलो होतो म्हणा ना. तो भट्टीपुढे मान घालून बसला होता. मला पाहून म्हणाला, “मास्तर, माह्याच हाताले जोर नाही आला आज. मले वाटते पंखाच ढिला झाला.” आणि मग, माझं तोंड पाहून, मला जरा खूश करावं म्हणून असेल: “पण पेटी चमकत होती नं? रात्री सांधा भरला अन् करडीच्या तेलाच्या फडक्यानं सारी पुसली. आमच्या बापाची सवय. गिऱ्हाइकाच्या हाती कोरडा माल द्याचा नाही, पत्र्याले गंज चढते.” काय सांगणार होतो? तुझ्या बापाच्या सवयीनं गल्लीला विष पाजलं, असं? आठ दिवस भट्टी बंद ठेवणाऱ्या माणसाला? मी म्हटलं, “चमकत होती.” आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी पेटी राखेनं घासली, एकट्यानं पंखा फिरवला, एकट्यानं पाहिलं. रेघ वाकली. त्या आठवड्यात सतरा वेळा वाकली. मी कमिटीला अर्ज दिला: उपकरणातील काही दोषामुळे प्रयोग यशस्वी झाला नाही, तरी पुन्हा एकवार पाहण्याची कृपा व्हावी. हिरालालनं तो अर्ज माझ्यासमोर वाचला. “काय दोष?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “तांत्रिक.” “तांत्रिक म्हंजे?” मी काखेतल्या वह्या सारख्या करू लागलो. तेव्हा तो म्हणाला, “मास्तरसाब, राग नका मानू. भोपळा उलटा चालला तवा तुमी म्हटलं, पाहा. रेघ सरळ राह्यली तं तुमी म्हणता, दोष हाय. आपल्याले पाह्यजे तसं येऊस्तोवर करत राहाचं, त्याले काय प्रयोग म्हणतेत?” या वाक्यानं मी किती रात्री जळलो आहे! कारण ते बरोबर आहे. वर्गात मी स्वतः मुलांना हेच शिकवतो. माणूस चुकीचा असावा आणि त्याचं बोलणं बरोबर असावं, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुनियेत नाही.

गल्लीत शिरलो तर जत्रा भरलेली. नळाच्या खांबाला आंब्याची पानं, हळदीकुंकू, नारळाची शेंडी. पाच वाजून गेले होते, पाणी सुरू होऊन गेलं होतं. हिरालाल मागाहून टांग्यानं आला असेल नसेल, मी पाहिलं नाही. प्रयागबाई, माझी बायको, दारात उभी होती आणि असं हसत होती की लग्नानंतर दोनचार वेळाच मी तिला तशी पाहिली असेल. दिवसाला सहा खेपा ती तळ्यावरून करते. अर्धा मैल जायचं, अर्धा मैल यायचं, डोक्यावर गुंडावर गुंड. मानेत तिच्या एक कळ कायमची बसली आहे, झोपेतसुद्धा ती कूस बदलताना डोकं हातानं धरून उचलते. ती पेला घेऊन आली. “घ्या. पयला पेला तुमच्यासाठी ठेवला. पोरी कवाच्या प्यायल्या.” मी म्हटलं, “प्यायल्या? कोणी दिलं प्यायला? हे पाणी प्यायचं नाही! तळ्याचंच आण, वरचं आण.” दारात शेजारणी होत्या, त्या वळून पाहू लागल्या. प्रयागबाईचं हसू तसंच तोंडावर राहिलं पण डोळ्यांतलं गेलं. “काहून?” ती म्हणाली. “तुमीच तं दाखोलं कमिटीले, तळचं पाणी हालत नाही म्हनून. साऱ्या गावाले मालूम हाय. आता मी एकटीच गुंड घेऊन जाऊ काय, लोकं हासाले?” मी म्हटलं, “ते चुकलं होतं.” “मंग कायले दाखोलं?” मी ओरडलो. ती ओरडली नाही. तिनं पेला खाली ठेवला, गुंड माझ्या पायापाशी आणून ठेवला आणि म्हणाली, “माही मान गेली बाप्पा. तुमाले पाह्यजे तं तुमी आणा.”

आणि मी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, धोतर वर खोचून, हायस्कुलाचा सायन्स मास्तर तळ्यावर गेला. पश्चिम काठ मोकळा होता, एक बाई नव्हती. कालपर्यंत जिथं पाय ठेवायला जागा नसे तिथं बगळे उभे होते. समोर पूर्वेला धुणं आपटल्याचे आवाज येत होते. वारा सुटायचा होता अजून. मी गुंड वरच्या वर बुडवला, खांद्यावर घेतला, निम्मं पाणी अंगावर सांडलं. डोक्यावर घ्यायची हिंमत झाली नाही. वाटेत एक पोरगा “मास्तर, नळ आला न जी?” म्हणून हसला, थोड्याच वेळात वर्गात तो माझ्यासमोर असणार होता. अर्ध्या मैलात मी चार वेळा गुंड खाली ठेवला, आणि प्रत्येक वेळी प्रयागबाईच्या मानेचा विचार केला, आणि प्रत्येक वेळी त्याच विचारानं जास्तच चिडलो, तिच्यावर, हिरालालवर, त्या कासवावर. एका घराचं पाणी. गल्लीत बावीस घरं आहेत.

नळावर जब्बार होता. बादली भरत होता. त्याची बायको हुस्नाबानो दारात धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. “मास्तर!” तो ओरडला. “हे काय सोंग? नळ सोडून तळ्यावर? पाहा तरी, पाणी कसं निवळ हाय!” त्यानं ओंजळ भरून तोंडाशी नेली. माझ्यानं राहवलं नाही. मी गुंड खाली टाकला म्हणा, आपटला म्हणा, आणि त्याचा हात धरला. “पिऊ नको,” मी म्हटलं. “त्या दिवशी पेटीत तेल होतं. तुझं तेल. तेलानं पाण्याची पाठ बांधली, म्हणून रेघ वाकली नाही. दुसऱ्या दिवशी धुतली तर वाकली. सतरा वेळा वाकली.” बोलून टाकलं आणि मला वाटलं, आता हा खचेल, माफी मागेल, आणि मला त्याची समजूत घालावी लागेल. मी त्याची तयारीसुद्धा केली. जब्बारनं ओंजळ रिकामी केली. “सतरा वेळा,” तो म्हणाला. “मंग कमिटीले काहून नाही सांगतलं? तेल होतं म्हनून?”

“तुझं नाव आलं असतं,” मी म्हटलं.

“माहं नाव?” त्याचा आवाज चढला, घरांतून माणसं डोकावू लागली. “माह्या नावासाठी तुमी दोन महिने गप? माहं नाव काय या लेकराच्या जिवाहून मोठं हाय काय, मास्तर? म्या गेलो असतो! भर कमिटीत सांगतलं असतं, तेल म्या लावलं, न पुसता म्या आणलं! त्यात कोनती इज्जत जाते? पेटी तं तुमी रोज धुवत होते. त्या दिवशी काहून नाही धुतली, ते तेवढं तुमी सांगा अन् तेल म्या सांगतो. झालं. हिरालाल आडमुठा नाही, आयकीन तो.” त्यानं बादली उचलली आणि सगळं पाणी रस्त्यात ओतलं. हुस्नाबानोला म्हणाला, नळाला हात लावू नको. मग खांद्यावरचं फडकं झटकून माझ्यासमोर उभा राहिला. “चाला. दुकान उघडलं असन त्याचं. आत्ताच जाऊ.”

बावीस दारांतून बायका पाहत होत्या. त्यांच्यात प्रयागबाईही होती. पश्चिमेकडून वारा सुटू लागला होता, ओला सदरा अंगाला गार लागत होता.

“माझी शाळेची वेळ झाली आहे,” मी म्हटलं.

जब्बारनं फडकं खांद्यावर टाकलं. मग तो एकटाच निघाला.